हातात काम असलेली बाई: थेल्मा रिटरविषयी मित्रास पत्र

पुणे,
२२ जून

प्रिय विश्वास,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. हिचकॉकचा ‘रिअर विंडो’ हा चित्रपट पुन्हा पाहिल्याचे कळवताना जेम्स स्ट्यूअर्ट आणि ग्रेस केली यांच्याविषयी तू एक अक्षरही लिहिले नाहीस आणि त्या मालीश करायला येणाऱ्या नर्सचे नाव मात्र विचारलेस. राज्य नाट्य स्पर्धेत इतकी वर्षे मामा, कारकून आणि शेजारी रंगवलेल्या माणसाची नजर तिच्यावरच जाणार, हे खरे म्हणजे मला ठाऊक असायला हवे. तिचे नाव थेल्मा रिटर. तिच्याविषयी कोणाशी तरी सविस्तर बोलावे असे फार दिवस मनात होते. तू आयताच सापडला आहेस, तेव्हा पत्र लांबले तर तक्रार करू नकोस.

आधी तुझ्या नर्सविषयीच लिहितो. स्टेला ही विमा कंपनीने पाठवलेली नर्स. पाय प्लास्टरमध्ये अडकलेला तो छायाचित्रकार, म्हणजे स्ट्यूअर्ट, चाकांच्या खुर्चीत बसून शेजाऱ्यांच्या खिडक्यांत डोकावतो आहे, हे तिला आत पाऊल टाकताच कळते आणि न्यूयॉर्क राज्यात या उद्योगाला सहा महिन्यांची सजा आहे, हे ती त्याला लगेच ऐकवते. त्यानंतर ती जवळजवळ अखंड बोलत राहते. पण पुढच्या वेळी आवाज बंद करून तिचे नुसते हात पाहा. रोग्याच्या तोंडात थर्मामीटर खुपसणे, त्याला खुर्चीतून उठवून पालथा निजवणे, पाठ रगडणे, ही कामे ती अशा सराईतपणे उरकते की, आधी काम चालू होते आणि बोलणे त्याच्या ओघात आपोआप आले, असे वाटत राहते. १९२९ साली शेअर बाजार कोसळणार हे आपण आधीच ओळखले होते, असे ती सांगते. जनरल मोटर्सच्या एका संचालकाची शुश्रूषा ती तेव्हा करत होती आणि त्याला दिवसातून दहा वेळा मोरीकडे धावावे लागत होते. एवढ्या मोठ्या कंपनीची ही अवस्था असेल तर देशाचे काय होणार, हा तिचा हिशेब! हा संवाद दुसऱ्या एखाद्या नटीने प्रेक्षकांकडे तोंड करून टाळी घेण्यासाठी म्हटला असता. रिटर तो पाठ चोळता चोळता म्हणते आणि हशा पिकला की नाही, हे पाहायलाही थांबत नाही.

पुढचा नाश्त्याचा प्रसंग तुझ्या लक्षात असेलच. अंडी आणि बेकनची ताटली त्याच्यापुढे ठेवून ती सहज विचारते की, ज्याच्यावर बायकोच्या खुनाचा संशय आहे त्या समोरच्या माणसाने तिचे तुकडे नेमके कुठे केले असतील, आणि स्वतःच उत्तर देते की, बाथटबमध्येच, कारण रक्त धुऊन काढायला तेवढी एकच सोयीची जागा आहे. स्ट्यूअर्टचा घास तिथेच अडतो. स्टेला मात्र यात काही गैर बोललो असे अजिबात मानत नाही, कारण घर आवरणे आणि डाग काढणे हा तिच्या रोजच्या विचारांचा भाग आहे. विनोद निर्माण होतो तो या व्यावहारिकपणातून.

आता तिची थोडी हकिकत. थेल्मा रिटरचा जन्म १४ फेब्रुवारी १९०२ रोजी न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिन भागात झाला. तिने अमेरिकन अकॅडमी ऑफ ड्रॅमॅटिक आर्ट्समध्ये रीतसर शिक्षण घेतले, नाटक मंडळ्यांत कामे केली, पण त्यातून नाव म्हणावे असे काही झाले नाही. १९२७ साली जोसेफ मोरान यांच्याशी तिचे लग्न झाले. मोरान हेही नट होते, पुढे ते जाहिरातीच्या व्यवसायात गेले. दोन मुले झाली आणि त्यांच्या संगोपनासाठी तिने रंगभूमीपासून दूर राहून कित्येक वर्षे घर सांभाळले. १९४०च्या दशकात रेडिओवरील श्रुतिकांतून ती पुन्हा कामाला लागली. तिचा तो किंचित घोगरा, ब्रुकलिनच्या गल्लीतला आवाज रेडिओला किती उपयोगी पडला असेल, याची कल्पना तुला येईल. आपल्याकडे मोलकरणीची भूमिका आली की नटी घरचे शुद्ध बोलणे बाजूला ठेवून कुठला तरी ठोकळेबाज गावरान हेल उसना घेते आणि प्रेक्षकही ते गोड मानून घेतात. रिटरला काही उसने घ्यावे लागले नाही. तिच्या पात्रांची बोली ही ती जिथे वाढली त्या वस्तीचीच बोली होती.

चित्रपटात ती प्रथम दिसली १९४७ साली, म्हणजे वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, ‘मिरॅकल ऑन थर्टीफोर्थ स्ट्रीट’मध्ये, आणि तेही श्रेयनामावलीत नाव नसताना. न्यूयॉर्कच्या मेसीज या प्रचंड दुकानात नाताळच्या गर्दीत एक दमलेली आई उभी आहे. दुकानातल्या सांताक्लॉजने तिच्या मुलाला आगीचा बंब देण्याचे वचन देऊन टाकले आहे आणि तो बंब तिला गावभर शोधूनही मिळालेला नाही, म्हणून ती भडकली आहे. सांताक्लॉज तिला सांगतो की, तो अमुक एका दुसऱ्या दुकानात मिळेल. स्वतःचे गिऱ्हाईक दुसऱ्याकडे पाठवणारे दुकान तिने जन्मात पाहिलेले नसते. ती अवाक होते आणि मग व्यवस्थापकाला गाठून बजावते की, यापुढे आपण मेसीजचेच गिऱ्हाईक. एवढीच भूमिका. पण चित्रपटाचे पुढचे कथानक याच प्रसंगावर फिरते, आणि त्या बाईच्या चेहऱ्यावरचा संशय, थकवा आणि मग हळूहळू पटत जाणे हे खरे वाटले नसते तर ते फिरले नसते. त्यानंतर ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्स या चित्रपट कंपनीने तिला हातची जाऊ दिली नाही.

तीनच वर्षांनी लेखक-दिग्दर्शक जोसेफ मॅन्किविझ यांचा ‘ऑल अबाउट ईव्ह’ आला. त्यात बेटी डेव्हिसने रंगवलेल्या मार्गो चॅनिंग या बड्या नटीची दासी बर्डी ही रिटरची भूमिका. बर्डी एके काळी स्वतः व्होडव्हिलच्या, म्हणजे नाचगाण्यांच्या आणि नकलांच्या खेळांच्या, रंगमंचावर नाचलेली-गायलेली बाई आहे, त्यामुळे नाटक कशाला म्हणतात हे तिला पक्के कळते. ईव्ह नावाची ती साळसूद मुलगी रंगपटात आपली करुण कहाणी सांगते, सगळ्यांचे डोळे पाणावतात, आणि बर्डी एका वाक्यात त्या कहाणीतली हवा काढून टाकते: पाठीमागे शिकारी कुत्री तेवढी लागायची राहिली, बाकी सगळे आले! मार्गो तिच्यावर डाफरते. पुढे बर्डीच मार्गोला सांगते की, ही मुलगी तुझ्या चालण्याबोलण्याचा, खाण्याचा आणि झोपण्याचासुद्धा अभ्यास करते आहे, जणू तू एखादे पुस्तक किंवा घराचा नकाशा आहेस. जे कळायला इतरांना अख्खा चित्रपट लागतो ते बर्डीला पहिल्या भेटीतच कळलेले असते.

आणि यानंतर एक गोष्ट घडते, जिच्याकडे तुझ्यासारख्या नटाने मुद्दाम लक्ष द्यावे असे मला वाटते. चित्रपटाच्या उत्तरार्धात बर्डी दिसेनाशी होते. तिला कोणी कामावरून काढत नाही, ती भांडून जात नाही, तिच्या जाण्याचा उल्लेखही होत नाही. प्रथम मला हा पटकथेतला ढिलेपणा वाटला होता, आणि अजूनही मॅन्किविझ यांना त्यातून पूर्णपणे सोडायला मी तयार नाही. पण १९६१चा ‘द मिसफिट्स’ पाहताना हेच पुन्हा दिसले. आर्थर मिलर यांची पटकथा, जॉन ह्यूस्टन यांचे दिग्दर्शन, मर्लिन मन्रो आणि क्लार्क गेबल यांचा दोघांचाही पूर्ण झालेला अखेरचा चित्रपट. घटस्फोट घ्यायला नेवाडातल्या रीनो गावी आलेल्या बायकांना घरात ठेवून घेणारी आणि त्यांच्यासाठी कोर्टात साक्षही देणारी इझाबेल ही रिटरची भूमिका. हात मोडून गळ्यात बांधलेला, तरी जीभ आणि पाहुणचार दोन्ही चालू. तीही मध्यावर आपल्या माजी नवऱ्याला आणि त्याच्या नव्या बायकोला भेटते, अतिशय आनंदाने त्यांच्याबरोबर निघून जाते, आणि चित्रपटातून कायमची वजा होते. त्यानंतर उरतात ते वाळवंट, रानटी घोडे आणि एकमेकांना जखमा करणारी चार माणसे.

माझे म्हणणे असे की, पटकथालेखकांना रिटरची अडचण होत असे. ती पडद्यावर असली की कोणालाही फार काळ स्वतःशी खोटे बोलता येत नाही, कारण ती लगेच टोकणार हे प्रेक्षकांना माहीत असते. ज्या गोष्टीला खोटेपणाच्या किंवा दुःखाच्या तळाशी जायचे आहे, तिला आधी ही बाई घरातून बाहेर काढावी लागते. म्हणूनच मला हिचकॉकचे कौतुक वाटते. त्याने स्टेलाला शेवटपर्यंत ठेवली. जी सुरुवातीला डोकावण्याबद्दल सजेची आठवण करून देते, तीच शेवटी ग्रेस केलीबरोबर अंगणात जाऊन पुराव्यासाठी फुलांचा वाफा खणते. टोकणाऱ्या माणसालाच कुतूहलाने पोखरलेले दाखवणे, यातला खट्याळपणा हिचकॉकलाच सुचायचा.

हे सगळे खरे असले तरी तिची सर्वांत मोठी भूमिका मी ‘पिकअप ऑन साउथ स्ट्रीट’मधली मानतो. दिग्दर्शक सॅम्युएल फुलर, वर्ष १९५३. मो ही वयस्क बाई न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर नेकटाय विकते, पण तिचा खरा धंदा खबरी देण्याचा. पोलीस अधिकारी तिला खिसेकापूची पद्धत सांगतो, ती आठ नावे काढून देते आणि दरावरून घासाघीस करते, कारण महागाई वाढली आहे. ज्यांची नावे ती विकते ते खिसेकापूही तिच्यावर रागावत नाहीत. प्रत्येकाला पोट आहे, हे त्या जगात सगळ्यांना मान्य आहे. मो पैसे साठवते ते आपल्या दफनासाठी. बेवारस लोकांना जिथे पुरतात त्या पॉटर्स फील्डमध्ये आपल्याला टाकतील, या एकाच भीतीपायी तिला लाँग आयलंडवर स्वतःची जागा आणि नाव कोरलेला दगड हवा आहे.

तिच्या मृत्यूचा प्रसंग मी किती तपशिलाने सांगू? दिवसभर पायपीट करून ती आपल्या खोलीत परत येते. फोनोग्राफवर तबकडी लावते, पलंगावर अंग टाकते, आणि मग तिला पलीकडे बसलेला माणूस दिसतो. त्याला रिचर्ड विडमार्कने रंगवलेल्या खिसेकापूचा पत्ता हवा आहे. एरवी पत्ता विकणे हाच तिचा धंदा, आणि हा माणूस पैसेही देऊ करतो. पण हा सौदा ती करत नाही, कारण पुढे काय होणार हे तिला कळते. इथे एखादी नटी ताठ बसली असती, डोळ्यांत तेज आणले असते. रिटर यांपैकी काहीही करत नाही. ती फक्त दमलेली असते. आपण जुन्या घड्याळासारखे उतरणीला लागलो आहोत, एवढे ती सांगते, आणि डोके उडवलेस तर उपकारच होतील, असे ती म्हणते तेव्हा त्यात आव्हान नसते, एखाद्या बाईने बसमध्ये जागा मिळाल्यावर सोडलेल्या सुस्काऱ्याइतकाच तो सूर साधा असतो. कॅमेरा तिच्यावरून सरकत फोनोग्राफकडे जातो, गोळीचा आवाज येतो आणि सुई तबकडीच्या शेवटच्या रेषेत घासत राहते. इतर भूमिकांत रिटरच्या हातांना काम असते हे मी वर लिहिले. या प्रसंगात तिचे हात पहिल्यांदाच मोकळे आहेत, आणि ते पाहवत नाही.

या चित्रपटासाठी तिला ऑस्करचे नामांकन मिळाले. १९५० ते १९५३ या सलग चार वर्षांच्या चित्रपटांसाठी, मग १९५९च्या ‘पिलो टॉक’साठी आणि १९६२च्या ‘बर्डमन ऑफ अल्काट्राझ’साठी, अशी सहा नामांकने तिला मिळाली आणि पुरस्कार एकदाही मिळाला नाही. सहाय्यक अभिनेत्रीच्या विभागात याहून अधिक नामांकने आजवर कोणालाही मिळालेली नाहीत. पहिल्या वेळी जोसेफीन हल, मग किम हंटर, ग्लोरिया ग्रॅहॅम, डॉना रीड, शेली विंटर्स आणि शेवटी सोळा वर्षांची पॅटी ड्यूक तिच्या पुढे गेली. पॅटी ड्यूकचे काम खरोखरच असामान्य होते, त्यामुळे तिथे माझी तक्रार नाही. डॉना रीडने मात्र ‘मो’ला हरवावे, हे मला आजही मान्य नाही. गंमत म्हणजे १९५५ साली ऑस्करचा सोहळा हॉलिवूड आणि न्यूयॉर्क अशा दोन ठिकाणी झाला तेव्हा हॉलिवूडची बाजू बॉब होपने सांभाळली आणि न्यूयॉर्कची रिटरने. म्हणजे पंगतीत वाढायला ती होती.

पण तिची कारकीर्द पराभवांची मोजदाद करून सांगण्यासारखी नाही. १९५७ साली ती ब्रॉडवेवर ‘न्यू गर्ल इन टाउन’ या संगीत नाटकात उभी राहिली. यूजीन ओनील यांच्या ‘अ‍ॅना ख्रिस्ती’वर ते बेतलेले होते. नाटकाची नायिका ग्वेन व्हर्डन आणि रिटर या दोघींना १९५८ साली टोनी हा रंगभूमीचा पुरस्कार विभागून दिला गेला. नायिकेच्या बरोबरीने तिच्याच विभागात रिटरने रंगवलेल्या म्हाताऱ्या मार्थीला पुरस्कार मिळावा, यात मला ऑस्करची बरीचशी भरपाई दिसते.

दूरचित्रवाणीवरही तिची भूमिका मोलाची होती, आणि तिथे नशिबाने एक विचित्र खेळ केला. १९५५ साली पॅडी चायेफ्स्की यांची ‘द केटर्ड अफेअर’ ही नाटिका थेट प्रक्षेपित झाली. ब्रॉन्क्समधल्या टॅक्सीचालकाची बायको मुलीचे लग्न थाटात व्हावे म्हणून हट्ट धरते आणि नवऱ्याने स्वतःच्या टॅक्सीसाठी साठवलेली पुंजी त्यात जाणार असते. लग्नाचा खर्च आणि घराची शोभा यांचा हा पेच आपल्याला समजावून सांगावा लागत नाही. आईच्या भूमिकेसाठी रिटरला एमी या दूरचित्रवाणी पुरस्काराचे नामांकन मिळाले. दुसऱ्याच वर्षी त्यावर चित्रपट निघाला तेव्हा ती भूमिका गेली बेटी डेव्हिसकडे. बर्डीच्या मालकिणीने बर्डीचा संसार घेतला म्हण. नाव मोठे असलेली नटी तिकिटे खपवते, हा हिशेब तिथलाही आहे आणि आपल्याकडचाही.

तिचे सगळेच काम चांगले होते, असे मी म्हणणार नाही. ‘पिलो टॉक’मधली दारू पिऊन सकाळी डोके धरून येणारी मोलकरीण मजेदार आहे, आणि रॉक हडसनलाच पिऊन ती गारद करते तो प्रसंग छानच आहे, पण तोवर तिचा साचा तयार झाला होता आणि लेखक तो भरून देत होते. त्यानंतरच्या बऱ्याच विनोदी चित्रपटांविषयी हेच म्हणता येईल. याउलट १९५१चा ‘द मेटिंग सीझन’ फारसा कोणी आठवत नाही, आणि तो मला अतिशय आवडतो. हॅम्बर्गरचा ठेला बँकेने जप्त केल्यावर आई मुलाकडे जाते. त्याने बड्या घराण्यातली मुलगी केलेली असते. सुनेने सासूला कधी पाहिलेले नसल्यामुळे ती तिलाच नव्या स्वयंपाकीणबाई समजते, आणि सासू तो गैरसमज तसाच राहू देऊन कामाला लागते. आपल्याकडे या विषयावर तीन रुमालांचा चित्रपट झाला असता. रिटर त्यात एकदाही कीव मागत नाही. पदर खोचून ती स्वयंपाकघराचा ताबा घेते. चित्रपट सारा तिच्या खांद्यावर आहे, पण नाव तीन ताऱ्यांच्या मागून येते आणि नामांकनही अर्थातच सहाय्यक अभिनेत्रीचे.

‘बर्डमन ऑफ अल्काट्राझ’विषयी मात्र माझे मन अजून पक्के झालेले नाही. कैदेतल्या मुलाचा जीव वाचवण्यासाठी थेट व्हाइट हाउसपर्यंत जाणारी आणि नंतर त्याच्या आयुष्यात दुसरी स्त्री आली म्हणून त्याच्याकडे पाठ फिरवणारी आई तिने त्यात रंगवली आहे. विनोदाचा एक कणही नाही, आणि ज्या आवाजाने आपण इतकी वर्षे निर्धास्त होत आलो तोच इथे मुलाला गिळू पाहतो. कधी वाटते, हे तिचे सर्वांत धाडसी काम. कधी वाटते, तिच्यातला मोकळा श्वास दिग्दर्शकाने दाबून टाकला. त्यानंतर ती आणखी काही वर्षेच काम करू शकली. ५ फेब्रुवारी १९६९ रोजी न्यूयॉर्कमध्ये हृदयविकाराने तिचे निधन झाले. सदुसष्टावा वाढदिवस नऊ दिवसांवर आला होता.

तेव्हा आता तू असे कर. ‘पिकअप ऑन साउथ स्ट्रीट’ आधी पाहा, मग ‘द मेटिंग सीझन’, आणि ‘बर्डमन’ सर्वांत शेवटी. तिन्ही माझ्याकडे आहेत. रविवारी निखिल पुण्याला येणार आहे असे वहिनी फोनवर म्हणाल्या, त्याच्याबरोबर पाठवून देतो. ‘बर्डमन’मधल्या त्या आईविषयी तुझे मत सविस्तर लिही, कारण त्या बाबतीत मला तुझ्यावर माझ्यापेक्षा अधिक भरवसा आहे. येत्या स्पर्धेत पुन्हा कारकुनाचीच भूमिका मिळाली आहे ना? त्याच्या टेबलावर काय काय ठेवणार आहेस, तेही कळव.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
शरद